ऊन छतावर, निर्णय बिलावर

बंगळुरूच्या कोरमंगलात, तिसऱ्या किंवा चौथ्या ब्लॉकमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून आजूबाजूची छते पाहिली, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. जवळजवळ प्रत्येक स्वतंत्र बंगल्यावर एक आडवी गोल टाकी असते, तिच्याखाली दक्षिणेकडे तोंड केलेल्या तिरप्या काचेच्या नळ्या किंवा काळी पेटी, आणि शेजारी थोडी उंचावर थंड पाण्याची टाकी. हा सौर बंब. वीज तयार करणारी सोलर पॅनेल मात्र शोधावी लागतात. चार-पाच गल्ल्यांमागे एखाद्या घरावर दिसतात. छत तेच, ऊन तेच, घरमालकही तोच. मग आंघोळीचे पाणी तापवायला सूर्य चालतो आणि पंखा फिरवायला का चालत नाही?

हा प्रश्न एका वस्तीपुरता दिसला, तरी कोणता देश सौरऊर्जेत पुढे गेला आणि कोणता मागे राहिला, याचे उत्तर त्यातच आहे. आपण सहज म्हणतो की ज्या देशात ऊन जास्त, तिथे सौर वीज जास्त. प्रत्यक्षात तसे नाही. २०२४ मध्ये हंगेरीने आपल्या विजेतला जवळपास पाव हिस्सा सूर्यापासून मिळवला. नेदरलँड्ससारख्या ढगाळ देशात माणशी एक किलोवॉटहून अधिक सौर क्षमता बसली आहे. उन्हाने भाजून निघणाऱ्या सौदी अरेबियात मात्र घराघराला मिळणारी वीज बहुतांशी तेल आणि वायू जाळूनच येते. जगाच्या एकूण विजेत २०२४ साली सौर विजेचा वाटा सुमारे ७ टक्के होता आणि भारताचाही साधारण तेवढाच. ऑस्ट्रेलिया, ग्रीस, चिली या देशांत तो याच्या दुपटीहून अधिक आहे.

आधी बंबाची गोष्ट पाहू, कारण बंगळुरूने तिथे जे केले ते फार थोड्या शहरांना जमले आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. कडाक्याची थंडी इथे पडत नाही, पण सकाळी गरम पाणी बाराही महिने लागते. शहर वाढू लागले तसे घरोघर गीझर आले, आणि सहा ते नऊ या तीन तासांत लाखो गीझर एकदम सुरू होऊ लागले. एक गीझर दोन किलोवॉट ओढतो. घरातले सगळे दिवे-पंखे एकदम लावले तरी जेवढा भार पडत नाही, तेवढा तो एकटाच टाकतो. त्या तीन तासांसाठी वीज कंपनीला महागडी वीज उभी करावी लागे. म्हणजे बंब बसवण्यात घरमालकाचा फायदा होताच, पण वीज कंपनीचाही होता. शहराची वीज कंपनी बेस्कॉम हिने सौर बंब असलेल्या घराला बिलात युनिटमागे ५० पैसे आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सवलत दिली. रक्कम किरकोळ आहे, पण ती दर महिन्याच्या बिलावर छापून येते आणि शेजाऱ्यालाही दिसते. पुढे ठरावीक आकाराच्या नव्या घरांना वीजजोडणी घेताना बंब सक्तीचा झाला. राष्ट्रीयीकृत बँका त्यासाठी कमी व्याजाने कर्ज देऊ लागल्या. बंगळुरूतच बंब बनवणारे अनेक कारखाने असल्याने माल आणि दुरुस्ती दोन्ही हाताशी होती. शंभर लिटरचा एक बंब वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचवतो. आज देशात सर्वाधिक सौर बंब कर्नाटकात आहेत आणि त्यातले बहुतेक याच शहरात.

इस्रायलने हाच रस्ता कितीतरी आधी धरला होता. १९७३ च्या तेलसंकटाचा चटका बसल्यावर १९८० मध्ये तिथे नव्या घरांवर सौर बंब कायद्याने सक्तीचा केला गेला, आणि आज तिथली दहापैकी आठाहून अधिक घरे सूर्याच्या पाण्याने आंघोळ करतात. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर ३२ सौर पट्ट्या बसवल्या. त्याही पाणी तापवण्याच्याच होत्या. पुढच्या राजवटीत, १९८६ मध्ये, छताच्या दुरुस्तीच्या वेळी त्या काढल्या गेल्या आणि परत बसल्या नाहीत. एका देशाने नियम केला, दुसऱ्याने नमुना उभारला. चाळीस वर्षांनी दोन्हींचा परिणाम समोर आहे.

आता विजेकडे वळू. इथे सगळ्यात आधी जर्मनीचे नाव घ्यावे लागते. जर्मनीत एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाला साधारण १,००० युनिट देते. बंगळुरूत तेच पॅनेल १,४०० ते १,५०० युनिट देते. शिवाय सोलर सेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटते. म्हणून नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यापेक्षा बंगळुरूची सौम्य हवा पॅनेलला अधिक मानवते. निसर्गाने सगळे माप या शहराच्या पदरात टाकले आहे, तरीही घरावर पॅनेल बसवण्याची लाट आली ती बव्हेरियातल्या शेतकऱ्यांच्या घरांवर.

याचे कारण २००० सालचा एक कायदा. हर्मान शेअर आणि हान्स-योझेफ फेल या खासदारांनी पुढे रेटलेल्या या कायद्याने सांगितले की छतावर तयार झालेली वीज ग्रिडने घेतलीच पाहिजे आणि तिला ठरलेला दर २० वर्षे मिळेल. सुरुवातीचा दर युनिटला ९९ फेनिग, म्हणजे सुमारे ५० युरो सेंट होता, बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त. पण दराइतकीच महत्त्वाची होती ती २० वर्षांची हमी. पुढच्या २० वर्षांत किती पैसे येणार हे आज कागदावर लिहून मिळत असेल, तर गावातली बँकही डोळे झाकून कर्ज देते. शेतकरी, शाळा, चर्च, गावातल्या सहकारी संस्था अशा सगळ्यांनी पॅनेल बसवली. या जादा दराचा भार सरकारी तिजोरीवर न पडता प्रत्येक वीज ग्राहकाच्या बिलात वेगळ्या आकाराने वसूल झाला. तो आकार २०२२ मध्ये रद्द झाला. तोवर दोन दशके सामान्य जर्मन कुटुंबांनी तो निमूटपणे भरला.

त्या पैशांतून जर्मनीला वीज मिळाली, आणि जगाला स्वस्त पॅनेल मिळाले. सोलर पॅनेलबाबत एक ठोकताळा अनेक दशके टिकून आहे: जगातले एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते. म्हणजे कुणीतरी आधी महागात विकत घेतल्याशिवाय ते स्वस्त होणार नव्हते. जपानने १९९४ पासून घरांना अनुदान देऊन थोडी मागणी तयार केली होती, पण खरी भूक जर्मनीने उभी केली आणि ती भागवली चीनने. शी झेंगरोंग हा चिनी संशोधक सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली सोलर सेल शिकला आणि मायदेशी परतून त्याने २००१ मध्ये वूशी शहरात सनटेक ही कंपनी काढली. ऑस्ट्रेलियाची विद्या, जर्मनीचे गिऱ्हाईक आणि चीनचा कारखाना असा तो संगम होता. चिनी प्रांतांनी जमीन, कर्ज आणि वीज हात सैल सोडून दिली. आज सिलिकॉनपासून तयार पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जगातले ८० टक्क्यांहून अधिक उत्पादन चीनमध्ये होते. आधी निर्यातीसाठी बनवणारा हा देश नंतर स्वतःच सगळ्यात मोठा ग्राहक झाला. २०२४ या एकाच वर्षात चीनने सुमारे २७७ गिगावॉट सौर क्षमता बसवली. भारताने सौर अभियान सुरू केल्यापासून १०० गिगावॉटचा टप्पा गाठायला पंधरा वर्षे घेतली, २०१० च्या जानेवारीपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत. आज सांगली-साताऱ्यातल्या एखाद्या घरावर परवडणाऱ्या भावात पॅनेल चढते, त्यात जर्मन कुटुंबांनी भरलेल्या बिलांचा वाटा आहे, हे मला कृतज्ञतेने नोंदवावेसे वाटते.

हमीचा दर हे दुधारी शस्त्र आहे. स्पेनने तो इतका चढा ठेवला की २००८ मध्ये प्रकल्पांचा पूर आला, सरकारला झेपेना, मग दर कापले गेले. पुढे २०१५ मध्ये स्वतःची सौर वीज वापरणाऱ्यांवरही आकार लावला गेला, जो २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला. व्हिएतनामने चांगला दर आणि जवळची मुदत जाहीर केली. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत जवळपास शून्यावरून १६ गिगावॉटवर मजल गेली, पण वाहून न्यायला तारा नव्हत्या आणि भर दुपारी प्रकल्प बंद ठेवायची वेळ आली. कर्नाटकालाही हा अनुभव आहे. २०१३ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने छतावरच्या विजेला अनुदान न घेणाऱ्यांसाठी युनिटला ९ रुपये ५६ पैसे दर ठरवला. तोवर पॅनेल झपाट्याने स्वस्त होत होते. २०१६ मध्ये आयोगाने नव्या प्रकल्पांचे दर ५ ते ७ रुपयांच्या टप्प्यात आणले आणि छतांवरची लगबग थंडावली. दर ठरवणाऱ्याला पॅनेलच्या किमतीच्या मागे धावावे लागते, आणि थोडा जरी उशीर झाला तरी एक तर लूट होते किंवा सगळे ठप्प होते.

पाकिस्तानची गोष्ट यापेक्षा अगदी वेगळी आहे. तिथे कुणी मोठी योजना आखली नाही की हमी दिली नाही. वीज महाग होत गेली, वरून भारनियमन, आणि शेजारच्या चीनमध्ये पॅनेलचे भाव कोसळलेले. २०२४ या एका वर्षात त्या देशाने सुमारे १७ गिगावॉटची पॅनेल आयात केली. लोकांनी ती घरांवर, कारखान्यांवर, शेतातल्या पंपांवर चढवली. लेबनॉनमध्ये २०२१ नंतर सरकारी वीज दिवसाला एक-दोन तासांवर आली तेव्हा आणि दक्षिण आफ्रिकेत २०२३ च्या भीषण भारनियमनात हेच घडले. अशा लाटेची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्याच्याकडे पैसा आणि छत आहे तो ग्रिडमधून अंग काढून घेतो, आणि जुन्या वीजप्रकल्पांचा ठरलेला खर्च उरलेल्या गरीब ग्राहकांच्या बिलात जाऊन बसतो. पाकिस्तानचे वीज खाते आज याच पेचात आहे.

बांगलादेशात सौरऊर्जा आली ती ग्रिड नव्हते म्हणून. २००३ पासून तिथे खेड्यांत हप्त्याने मिळणारे छोटे सौर संच पोहोचवले गेले आणि चाळीस लाखांहून अधिक घरांत दिवे लागले. याच धर्तीचे काम बंगळुरूतून १९९५ पासून सेल्को या कंपनीने केले. तिचे एक संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेल्कोने ओळखले की फेरीवाल्याला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला पॅनेल महाग वाटत नाही, एकरकमी पैसे जड जातात. म्हणून तिने ग्रामीण बँकांना या कर्जासाठी राजी केले आणि हप्ता गिऱ्हाइकाच्या रोजच्या कमाईच्या बेताने बसवला. पॅनेल विकण्याइतकेच हेही मोलाचे काम होते, आणि त्याकडे आपल्याकडच्या धोरणकर्त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियात तीनपैकी एका घरावर पॅनेल आहे, एकूण चाळीस लाखांहून अधिक घरांवर. तिथे बहुतेक लोक स्वतःच्या बैठ्या घरात राहतात, ऊन भरपूर आहे, वीज महाग आहे आणि परवान्याचे कागद थोडे लागतात. ही कागदांची बाब वाटते त्यापेक्षा मोठी आहे. अमेरिकेत त्याच क्षमतेचा संच घरावर बसवायला ऑस्ट्रेलियाच्या दुपटीहून अधिक खर्च येतो, कारण प्रत्येक शहराची वेगळी परवानगी, वेगळी तपासणी, आणि गिऱ्हाईक शोधण्यावर कंपन्यांचा भरमसाट खर्च. पॅनेल तेच असते, महाग होतो तो त्याच्याभोवतीचा कारभार. भारताने २०२४ मध्ये नियम बदलून १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचांना तांत्रिक पाहणीची अट काढून टाकली, ते म्हणूनच योग्य झाले.

आता कर्नाटक. मोठ्या प्रकल्पांत हे राज्य काही वर्षे देशात पहिले होते. तुमकुरू जिल्ह्यातला पावगड तालुका कायम दुष्काळी. आंध्रच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यातल्या पाच गावांत १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर पार्क उभे आहे. २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २०१९ अखेर ते पूर्ण झाले. सरकारने इथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि ठरावीक काळाने वाढ. सातबारा जसा शेतकऱ्याच्या नावावर राहावा, तशी इथली जमीन त्यांच्याच नावावर राहिली, म्हणून विरोध कमी झाला. पावसाची वाट पाहणाऱ्या भुईमुगाच्या शेतकऱ्याला हे भाडे आधार वाटले. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या शेतमजुरांच्या हाताला काय मिळाले, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात आज ठिकठिकाणी सौर प्रकल्पांसाठी जमिनी भाड्याने घेतल्या जात आहेत, तिथेही तो विचारायला हवा.

राज्याने आणखी एक गोष्ट केली. मार्च २०१८ पर्यंत सुरू होणाऱ्या सौर प्रकल्पांची वीज खासगी कंपन्यांना थेट विकताना लागणारे वहन आणि इतर आकार दहा वर्षांसाठी माफ केले. बंगळुरूच्या आयटी कंपन्या, मॉल, रुग्णालये व्यापारी दराने महाग वीज घेत होती, ती या विजेकडे धावली. मार्च २०१७ मध्ये राज्याची सौर क्षमता १,००० मेगावॉटच्या आसपास होती, वर्षभरात ती ५,००० च्या घरात गेली. कोरमंगलातल्या काचेच्या इमारतीत बसलेला इंजिनिअर दिवसा जी वीज वापरतो, ती कदाचित दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या माळावर तयार झालेली असते.

त्याच्या राहत्या घरावर मात्र पॅनेल नाही, आणि याचा खुलासा दरपत्रकात आहे. महाराष्ट्रात महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे. २०२४-२५ च्या दराने, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटांना सुमारे ५ रुपये ९० पैसे, १०१ ते ३०० पर्यंत साडेअकराच्या आसपास आणि ३०१ ते ५०० पर्यंत सुमारे १५ रुपये ७० पैसे. कर्नाटकाने एप्रिल २०२४ मध्ये या पायऱ्याच काढून टाकल्या आणि सगळ्या घरगुती युनिटांना सरसकट ५ रुपये ९० पैसे दर केला. तीन किलोवॉटचा संच महिन्याला ३५० युनिट देतो असे धरू. महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या पुण्यातल्या कोथरूडच्या घराचे या दरांनी साधारण ३,६०० ते ३,७०० रुपये वाचतात, तर कोरमंगलाच्या घराचे २,१०० च्या आत. स्थिर आकार आणि कर मी बाजूला ठेवले आहेत. केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान वजा जाता खिशातून सव्वा लाख गेले, तर पुण्यात ते तीन वर्षांत सुटतात, बंगळुरूत पाच वर्षे लागतात.

आणि हे झाले जास्त वीज वापरणाऱ्या घराचे. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजना सुरू आहे. घराच्या आधीच्या सरासरी वापरात १० टक्के मिळवून, २०० युनिटांच्या मर्यादेत, बिल शून्य. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला पॅनेल बसवून काय वाचवायचे? शून्यातून काही वजा होत नाही. गरीब घराचे बिल माफ होणे मला चुकीचे वाटत नाही. दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला ती वीज मिळालीच पाहिजे. पण ज्या पैशांनी सरकार वीज कंपनीला दर महिन्याला ही भरपाई देते, त्याच पैशांतला काही भाग त्या घरांच्या छतांवर पॅनेल चढवण्यात गेला असता, तर काही वर्षांत तीच वीज फुकट झाली असती आणि भरपाईचा बोजाही उतरला असता. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांचे लक्ष्य घेऊन. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरे झाली. त्यात गुजरात पहिला, महाराष्ट्र दुसरा, आणि एवढे ऊन, एवढे शिकलेले लोक, एवढे सौर कारखाने असूनही कर्नाटक बरेच मागे.

दराखेरीज कोरमंगलाची स्वतःचीही काही कारणे आहेत. इथे भाडेकरू फार. बिल भाडेकरू भरतो, छत मालकाचे असते. मालकाला बचत नाही आणि भाडेकरूला छतावर हक्क नाही, म्हणून दोघेही हात लावत नाहीत. जर्मनीतही शहरांत हीच अडचण होती. तिथे भाडेकरूंनी बाल्कनीच्या कठड्यावर टांगायचे छोटे पॅनेल स्वीकारले आणि २०२४ मध्ये ८०० वॉटपर्यंतच्या अशा संचांचे नियम आणखी सोपे झाले. आपल्याकडेही त्याला वाट करून द्यायला हवी.

दुसरी गोष्ट झाडांची. या भागात पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर दुमजली घराच्या वर गेले आहेत. पॅनेलवर सावली पडली तर किती नुकसान होते याचा अंदाज लोकांना नसतो. एका पॅनेलमध्ये बहुधा ६० किंवा ७२ सेल एकामागोमाग जोडलेले असतात, आणि अशी आठ-दहा पॅनेल पुन्हा एका माळेत. पाइप एका जागी चेपला की सगळ्या नळाची धार बारीक होते, तसा एका सेलवर सावली पडली की पूर्ण माळेतला प्रवाह आखडतो. शिवाय सावलीतला सेल वीज देण्याऐवजी खाऊ लागतो आणि तापतो. म्हणून पॅनेलच्या पाठीवरच्या छोट्या काळ्या डबीत डायोड बसवलेले असतात, जे सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. त्याने सेल वाचतो, पण त्या भागाची वीज जातेच. फांदीची सावली सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात कुठे पडते, हे हिवाळ्यात आणि पावसाळ्याआधी असे दोनदा पाहूनच जागा ठरवावी. सावली टाळता येतच नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर लावता येतो. खर्च वाढतो, पण झाड वाचते, आणि झाड वाचवलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट भारनियमनाबद्दलच्या गैरसमजाची. वीज गेली तरी आपल्या घरात दिवे राहतील असे समजून अनेक जण पॅनेल घेतात. ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज गेली की स्वतःहून बंद होतो. भर दुपारी, लख्ख उन्हात. कारण साधे आहे: लाइनमन तार बंद समजून खांबावर चढलेला असतो, आणि तुमच्या छतावरची वीज त्या तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. वीज गेल्यावरही हवी असेल तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. विकणाऱ्याने हे आधीच सांगायला हवे.

पॅनेल वाढली की नवे प्रश्न येतात, तेही समजून घ्यावेत. नेट मीटरमध्ये दुपारी ग्रिडला दिलेले युनिट संध्याकाळी परत घेता येते. ग्राहकाला ही सोय सोन्याची, पण वीज कंपनीला दुपारच्या स्वस्त युनिटाच्या बदल्यात संध्याकाळी सातचे महाग युनिट द्यावे लागते. म्हणून कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी हा हिशोब बदलला, आणि नेदरलँड्समध्ये ही सवलत १ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होते आहे. ऑस्ट्रेलिया सरकार आता घरगुती बॅटरीला सवलत देते आहे. भारतात ही वेळ सगळीकडे आलेली नाही, पण येणार हे नक्की. महाराष्ट्राने त्यावर एक शहाणपणाची वाट काढली आहे, शेतीपंप दिवसा चालवण्याची. सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळ उभा राहिलेला प्रकल्प दुपारी वीज देतो आणि पंप ती दुपारीच वापरतो. रात्री दोन वाजता साप-विंचवांच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला यातून जे मिळाले, ते रुपयांत मोजता येणार नाही. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले मान्याची वाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले पूर्ण सौरग्राम झाले. तिथे कर्नाटकातल्यासारखे मोठे पार्क नाही की जर्मनीसारखा कायदा नाही. गाव मात्र एकत्र बसले.

कोरमंगलातल्या, आणि तशाच पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांसाठी याच एकत्र बसण्यात आजची सगळ्यात सोपी संधी आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचे मीटर सोसायटीच्या नावावर असते. गृहज्योतीचे मोफत युनिट त्याला मिळत नाहीत, भाडेकरू-मालकाचा वाद त्यात येत नाही, आणि पंप दिवसा चालवणे आपल्याच हातात असते. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि बंगळुरूच्या कमी दरातही हा खर्च चार-एक वर्षांत भरून निघतो. पॅनेल पुढे वीस-एकवीस वर्षे चालते. मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागतो आणि पंधरा दिवसांतून धूळ धुवावी लागते. ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे. तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला, आणि सभेला येताना सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिले सोबत आणा.